धाकटीचं ऑपरेशन, माझी पॉलिसी

माझ्या धाकट्या जावेची गर्भपिशवी काढली आणि मी तीन वर्षं त्या ऑपरेशनवर जळत होते. दागिन्यावर जळतात, नव्या घरावर जळतात, कुणाच्या शिकलेल्या मुलावर जळतात. मी टाक्यांवर जळले. आज हे लिहिताना मला स्वतःचं हसू येतं, पण तेव्हा येत नव्हतं.

आमचं गाव अलिबागहून रेवसला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. पावसाळ्यात भात, आणि भात निघालं की त्याच जमिनीत पांढरा कांदा. दोघे भाऊ, एक अंगण, दोन चुली. माझा नवरा थोरला. तो रिक्षा चालवतो, रेवसच्या धक्क्यावर लाँचमधून उतरणारी माणसं अलिबागला सोडतो. दीर न्हावा शेव्याला एका कंपनीच्या गोदामात आहे. आधी ठेकेदाराकडे होता, मग कायम झाला. कायम झाल्यावर त्याला पगारवाढीबरोबर एक हिरवं कार्ड मिळालं. त्यावर त्याचं, बायकोचं आणि मुलीचं नाव होतं. कुठल्याही मोठ्या दवाखान्यात दाखवायचं आणि आत जायचं. ते कार्ड धाकटीने प्लास्टिकमध्ये घालून पर्समध्ये ठेवलं आणि पर्स उघडली की आधी तेच बाहेर येईल असं ठेवलं. निदान मला तरी तसं वाटायचं.

आम्हा दोघींना एकच दुखणं होतं. दर महिन्याला अंगावर फार जायचं. माझं वय पंचेचाळीस, तिचं एकोणचाळीस. कांद्याची रोपं लावताना वाफ्यात उकिडवं बसलं की उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. एका मार्गशीर्षात दोघी मिळून अलिबागला गेलो आणि एकीमागून एक टेबलावर झोपून सोनोग्राफी करून आलो. दोघींच्या पिशवीला गाठ निघाली. कागदावर गाठीच्या मापाचे आकडे होते, पण आम्ही आकडे वाचलेच नाहीत. सगळ्यात खालची 'गाठ आहे' ही ओळ वाचली आणि घाबरून दोघींनी एकेक लिंबू सरबत प्यायलं.

पुढच्या पंधरा दिवसांत धाकटी पनवेलच्या दवाखान्यात दाखल झाली. मी सोबत होते. खिडकीवरच्या मुलीने आधी कार्ड मागितलं, मग आजार विचारला. डॉक्टरांनी कागद पाहिला, म्हणाले, काढून टाकू, कटकट मिटेल. दीर म्हणाला, कार्ड हाय तोवर करून घे. सासूबाई म्हणाल्या, करून घे. मीही म्हणाले, करून घे. मग हळूच माझाही कागद डॉक्टरांपुढे सरकवला. ते म्हणाले, "तुमचंही काढावं लागेल. पॉलिसी आहे का?" मी नाही म्हटलं. त्यांनी कागद परत दिला. धाकटीने दोन्ही कागद आपल्या फाइलमध्ये ठेवले आणि ते तिथेच राहिले.

ती घरी आली आणि आमच्या अंगणात राणीचं राज्य सुरू झालं. वाकायचं नाही, हंडा उचलायचा नाही, उकिडवं बसायचं नाही. माहेरहून डिंकाचे लाडू आले. शेजारणी शहाळी घेऊन आल्या. ज्या दिराने जन्मात कधी पाण्याची कळशी उचलली नव्हती, तो रविवारी घरी आला की दोन्ही हातांत बादल्या घेऊन नळावर जायचा. लग्नाकार्यात बायका चटईवर आणि ही खुर्चीवर. "हिचं ऑपरेशन झालंय" असं कुणी म्हटलं की ती मान जराशी तिरकी करायची. त्या तिरक्या मानेने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दोन्ही घरांचे वाफे त्या वर्षी मी एकटीने लावले. कमरेला फडकं घट्ट बांधून. चैत्रात कांद्याच्या वेण्याही मीच विणल्या आणि रस्त्याकडेला मांडव घालून विकायलाही मीच बसले. गाड्या थांबायच्या, मुंबईच्या बायका म्हणायच्या, किती छान विणलंय. मी मनात म्हणायची, विणणारीला विचारा कुठे कुठे दुखतंय.

पदरचे पैसे घालून ऑपरेशन करायची आमची ऐपत नव्हती. म्हणून धाकटीला घरी आणल्यावर मी नवऱ्याच्या मागे लागले, आपणही पॉलिसी घेऊ. त्याचे थोरले चुलतभाऊ तहसीलमधून निवृत्त होऊन विम्याचं काम करू लागले होते. सगळं गाव त्यांना दादा म्हणतं. संक्रांतीनंतर दादा फॉर्म घेऊन आले आणि ओटीवर पाटावर बसले.

आता इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे सून थोरल्या दिरासमोर बसत नाही, तोंडाकडे बघून बोलत नाही. डोक्यावर पदर, अर्धं अंग दाराआड, आणि जे सांगायचं ते नवऱ्याला सांगायचं, तो पुढे सांगणार. मी बारावी शिकलेली, पेपर वाचणारी बाई. तरी त्या दाराशी गेले की माझा पदर आपोआप वर जायचा. दादा एकेक प्रश्न वाचत होते. साखर आहे? न्हाय. प्रेशर? न्हाय. दमा, टीबी, फिट? न्हाय. मग ते थांबले. खाकरले. फॉर्मवर नजर अगदी खाली घालून म्हणाले, "आणि ते, बायकांचं काही?"

नवरा अंगणातल्या कोंबडीकडे बघायला लागला. मी दाराच्या कडीला धरून उभी. ज्या माणसासमोर मी चहाचा कपसुद्धा हाताने देत नाही, खाली ठेवते, त्याला पाळीचं सांगायचं? किती दिवस येते, किती जातं, गाठ कुठे आहे? "न्हाय," मी नवऱ्याला म्हटलं. दादांनी सुटल्यासारखी खूण केली आणि पान उलटलं. मला फसवायचं होतं असं नाही. लाजेने मी खोटं बोलले, आणि ते खोटं आहे हे पुढे किती तरी दिवस माझ्या लक्षातही आलं नाही.

पॉलिसीचं पुस्तक आलं तेव्हा मी ते दुपारी ओटीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं होतं, पैसे भरले की झालं, आपलंही कार्ड आलं. आत 'प्रतीक्षा कालावधी' असं एक प्रकरणच होतं. पहिले तीस दिवस अपघात सोडून काही मिळणार नाही. मग एक यादी होती: मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा, आणि गर्भाशय. यांना दोन वर्षं. आणि पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजारांना तीन वर्षं. गर्भाशय हा शब्द मी तीनदा वाचला. जणू कुणीतरी मला बघूनच तो लिहिला होता.

नवऱ्याकरवी मी दादांना विचारलं, हे काय आहे? दादा हसले. म्हणाले, "आज माड लावला नि उद्या शहाळं मागायचं, असं न्हाय चालत. लोक दुखायला लागलं की पॉलिसी काढतील, ऑपरेशन करतील नि पुढच्या वर्षी सोडून देतील. मग कंपनी कशी चालंल? म्हणून आधी थांबायचं."

"मग हिला कसं लगेच झालं?" मी दाराआडून, या वेळी थेटच विचारलं.

"त्यांची सगळ्या कामगारांची मिळून एक पॉलिसी. त्यात पहिल्या दिवसापासून सगळं. आपली एकट्याची. एकट्याला थांबावं लागतं."

दादांनी समजावलं ते मला पटलं. पटलं म्हणून जळायचं काही थांबलं नाही, उलट वाढलं. म्हणजे दोष कुणाचाच नव्हता. तिचा नवरा गोदामात आणि माझा रिक्षावर, एवढाच फरक. एवढ्याशा फरकाने ती रात्रभर गाढ झोपत होती आणि मी चादरी धूत होते.

मी दोन वर्षं मोजायला बसले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर महिन्याला पॉलिसीच्या तारखेवर पेन्सिलने बारीक टिंब करायचं. दवाखान्यातून आणलेल्या लोहाच्या गोळ्या खायच्या, खजूर खायचा, कपड्यांची जादा घडी घेऊन मांडवात बसायचं. आणि समोर धाकटी. तिने अबोली रंगाची साडी घेतली, मग एक पांढरी. पांढरी साडी नेसून ती बेधडक एसटीत बसायची. मला पांढऱ्या साडीचा इतका राग कधी आला नव्हता.

तिचे नखरेही वाढले होते. पौषात आम्ही गोधड्या काढतो, समुद्राकडून वारा येतो आणि सकाळी दात वाजतात. अशा थंडीत ही पंखा लावून बसायची. बसल्या बसल्या पदराने वारा घ्यायची, ब्लाउजची वरची हुकं सैल करायची. कधी मध्येच रडायची आणि विचारलं तर "काय न्हाय गो" म्हणायची. मी सासूबाईंना म्हटलं, "ऑपरेशनचे लाड संपले म्हणून आता हे नवीन." एकदा तर ती नळावर गेली असताना मी तिच्या ओटीवर जाऊन चालू पंखा बंद करून आले. परत आल्यावर तिने तो मुकाट्याने पुन्हा लावला. मला तेवढंच बरं वाटलं.

दुसरं वर्ष संपायला आलं. कॅलेंडरवर दोनच टिंबं उरली. मी मनातल्या मनात सगळं ठरवलं होतं. शिमग्याच्या आत ऑपरेशन करून घ्यायचं. दीड महिना खुर्चीवर बसायचं. लाडू माहेरहून येणार नाहीत, आई आता नाही, म्हणून बहिणीला सांगायचं. आणि नवऱ्याला दोन बादल्या घेऊन नळावर पाठवायचं, रविवारी नाही, गर्दीच्या वेळी, सगळ्यांनी बघायला हवं.

दादा पॉलिसी पुढे चालू करायला आले तेव्हा मी ओटीच्या दाराआड उभी होते. धाकटी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी नवऱ्याला सांगितलं, विचारा, पुढच्या महिन्यात पिशवीचं ऑपरेशन केलं तर चालेल ना.

"दोन वर्षं झाली की चालंल," दादा म्हणाले. "पण काय झालं? नवीन काय निघालं का?"

मी तोंड उघडायच्या आत अंगणातून आवाज आला. "नवीन कुठलं, दादा. पॉलिसीच्या आधीचंच हाय ते. माझ्यासंगतीच फोटो काढला हिचा अलिबागला. कागद माझ्याकडंच हाय."

शेंगा सोलणं तिने थांबवलंसुद्धा नाही. ती धाकटी, आमच्यात तर तिने दादांसमोर ब्रसुद्धा काढायचा नाही. दादांचं पेन हवेतच राहिलं. त्यांनी पहिल्यांदा मान वर करून दाराकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहिलं.

"मग तवा न्हाय का म्हटलं?"

मी काय सांगणार? तुम्ही थोरले दीर आहात म्हणून? दादांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले. मग ते बराच वेळ नवऱ्याशी बोलले. आता लपवलं आणि दवाखान्याने जुने कागद मागितले तर ऑपरेशनचा दावा जाईल, वर पॉलिसीही जाईल. त्यापेक्षा आजच लिहून देऊ. अर्ज गेला. महिन्याभराने कंपनीचं पत्र आलं. पॉलिसी चालू राहील, मात्र हे दुखणं जुनं धरलं जाईल. पहिल्या दिवसापासून तीन वर्षं. दादा म्हणाले, नशीब समजा, रद्द न्हाय केली.

मी नशीब समजले नाही. मी धाकटीशी बोलणं बंद केलं. अंगण एक असल्यावर बोलणं बंद करणं सोपं नसतं, ते रोज नव्याने करावं लागतं. ती कपडे वाळत घालायला आली की मी माझे काढून न्यायची. ती सासूबाईंना सांगायची, "मी खरं तेच सांगितलं." मी भांडी जोरात आपटायची. स्वतःचं झालं, आता दुसरीचं होऊ नये म्हणून बोलली, असं मी येणाऱ्या जाणाऱ्याला ऐकवलं. माझ्या मनात त्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

तिसऱ्या वर्षी मात्र एक गोष्ट झाली. पाळी लांबायला लागली. आधी दोन महिने आली नाही, मग आली ती बेताची. पावसाळ्यात तर चार महिने काहीच नाही. कुणी शहाणी बाई असती तर देवापुढे साखर ठेवली असती. मला धास्ती बसली. ऑपरेशन हातचं जातं की काय? एवढं थांबले, खुर्ची, लाडू, बादल्या, सगळं ठरवून ठेवलं, आणि आता दुखणंच पळून गेलं तर? खरं सांगते, दिवाळीनंतर एकदा अंगावर पुन्हा जोरात गेलं तेव्हा मला हायसं वाटलं.

संक्रांत झाली, तीन वर्षं भरली. पनवेलला जायचं ठरलं आणि जुने कागद लागणार म्हणून धाकटीची फाइल लागणार होती. सासूबाई मधे पडल्या. फाइलीबरोबर धाकटीही आली. एसटीत आम्ही शेजारी बसलो आणि पनवेल येईपर्यंत एक शब्द बोललो नाही.

दवाखाना तोच, डॉक्टर नवीन होत्या, बाई होत्या. खिडकीवर मी माझं कार्ड दाखवलं. तो क्षण मी तीन वर्षं मनात घोळवला होता, आणि खिडकीवरच्या मुलीने कार्डाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. पुन्हा सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी नवा कागद आणि जुना कागद शेजारी ठेवले, पाळीचं सगळं विचारलं. मी भडाभडा सांगितलं. तिथे दार नव्हतं, दादा नव्हते.

"गाठ आकसली आहे," त्या म्हणाल्या. "पाळी जायला आली की आकसते. दिवाळीनंतर गेलं तसं पुन्हा गेलं तर गोळ्या देते, सहा महिन्यांनी दाखवा. आता कशाला कापायचं?"

"पण पॉलिसीची तीन वर्षं झाली," मी म्हटलं.

त्या हसल्या. "पॉलिसी आहे म्हणून पोट फाडायचं का?"

माझी निराशा तोंडावर दिसली असणार. मी काही बोलणार तेवढ्यात धाकटीने फाइलमधून स्वतःचा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "माझा पण बघा ना. इथंच काढली तीन वर्षांमागं."

डॉक्टरीणबाईंनी तो कागद हातात घेतला. मग माझा जुना कागद घेतला. दोन्हींवरच्या आकड्यांवरून पेन फिरवलं. "तुमची गाठ यांच्यापेक्षा लहान होती," त्या म्हणाल्या. आणि मग फाइलमधला ऑपरेशनचा कागद पाहून जरा हळू आवाजात म्हणाल्या, "दोन्ही बाजूंचे बीजकोषही काढले आहेत. वय काय होतं तेव्हा?"

"एकोणचाळीस."

"मग पाळी जाताना होते तशी अंगाची आग होत असेल. घाम येतो एकदम?"

"व्हय. थंडीत पण."

"मग माझं काढायला नको होतं का?" धाकटीने विचारलं.

"त्या वेळी त्यांनी काय बघून ठरवलं, ते मला आज सांगता यायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि तिच्यासाठी वेगळ्या गोळ्या लिहायला लागल्या. मी भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिले. पौषातला तिचा पंखा मी बंद करून आले होते.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. वडखळ आलं. मग बाहेर बघतच बोलली.

"ताई, दादांसमोर मी बोलले ना त्या दिवशी, ते तुझ्या भल्यासाठी न्हाय बोलले."

"मग?"

"तुला दर महिन्याला यायचं. मला एकदम बंद. सगळ्यांनी सांगितलं, करून घे, करून घे. तू पण सांगितलं. मला कुणी विचारलंच न्हाय. तू कुरकुर करत चादरी धुवायचीस नि मला वाटायचं, हिचं अजून सगळं जागच्या जागी हाय. मला बघवायचं न्हाय. म्हटलं, बस अजून वरीसभर तशीच."

एवढं बोलून तिने पदराने मान पुसली. तिच्या कपाळावर घामाचे थेंब फुटले होते आणि चेहरा लाल झाला होता. गाडीत सगळे मफलर गुंडाळून बसले होते. तिने खिडकीची काच सरकवायचा प्रयत्न केला, ती अडकली होती. मी उठून दोन्ही हातांनी जोर लावून काच मागे सारली. मागच्या सीटवरचा माणूस म्हणाला, थंडी वाजतेय, बंद करा. मी त्याला म्हटलं, "हिचं ऑपरेशन झालंय." त्याने मफलर आणखी घट्ट केला.

गार वारा आत आला. मांडीवर माझी पॉलिसीची फाइल होती, ती घेऊन मी तिला वारा घालू लागले. मलाही सांगायचं होतं. तुझ्या टाक्यांवर जळले, तुझ्या खुर्चीवर, पांढऱ्या साडीवर, तुझा पंखा मी बंद केला. अलिबागचा स्टँड आला तरी ते तोंडातून निघालं नाही. तिने तिचं बोलून टाकलं होतं आणि ती डोळे मिटून शांत बसली होती, आणि मला पुन्हा तिचा हेवा वाटत होता.